धोंड्याचा महिना, डोईवर धोंडा

बायका ओळीनं तटावर चढतात. अंगात हानबोक, म्हणजे वर आखूड चोळीवजा जाकीट आणि खाली घोळदार घागरा, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एक धोंडा. धोंडा म्हणजे फार मोठा नव्हे, तळहातावर मावेल एवढाच. वाट बेताच्या रुंदीची. एका अंगाला सरळसोट खाली गेलेली भिंत, दुसऱ्या अंगाला गवताचा उतार. रांग वळणं घेत, चढ-उतार करत पुढं सरकते. पहिली फेरी पायांचं दुखणं जावं म्हणून. दुसरी निरोगी दीर्घायुष्यासाठी. तिसरी पुरी झाली की मेल्यावर स्वर्ग.

गावाचं नाव गोचांग. दक्षिण कोरियाच्या नैर्ऋत्येला, जोल्ला प्रांताच्या उत्तर भागात, कलिंगडं आणि काळ्या रासबेरीची वाइन यांसाठी ओळखला जाणारा हा शेतकऱ्यांचा मुलूख. इथं टेकडीला वेढा घालून बसलेला एक जुना कोट आहे. सरकारदरबारी तो ‘गोचांग उपसोंग’, पण गावाच्या तोंडी प्राचीन नावच बसलंय: मोयांगसोंग. त्यातल्या ‘सोंग’चा आपल्या सोंगाशी काही संबंध नाही. कोरियन भाषेत सोंग म्हणजे तट, कोट. या प्रकरणात तो शब्द वारंवार भेटणार आहे.

मोयांगसोंगचा घेर १,६८४ मीटर, उंची चार ते सहा मीटर. पूर्व, पश्चिम आणि उत्तर अशा तीन वेशी. वेशीपुढं अर्धगोल भिंतीचं कवच, म्हणजे शत्रू दारापर्यंत पोचलाच तर तिथंच कोंडला जावा. रायगडाच्या महादरवाज्याशी थांबून आजूबाजूला पाहिलेल्या माणसाला ही युक्ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तटाच्या एका दगडावर ‘ग्येयू’ हे वर्षाचं नाव कोरलेलं आहे. साठ संवत्सरांचं चक्र आपल्यासारखंच तिथंही फिरतं, त्यामुळं नुसत्या नावावरून नेमकं साल ठरत नाही. बाकीचा पुरावा जुळवून ते १४५३ मानलं जातं. जपानी चाच्यांच्या धाडींपासून आतला सुपीक मुलूख राखायला हा कोट बांधला. दुसऱ्या काही दगडांवर जोल्लामधल्या वेगवेगळ्या परगण्यांची नावं आहेत: कुठला तुकडा कुणी बांधला त्याची नोंद.

तीन फेऱ्या म्हणजे पाच किलोमीटर, डोक्यावर दगड घेऊन. हे व्रत करायचं ते मुख्यतः युनदालमध्ये. युनदाल म्हणजे अधिक महिना.

इथं मराठी वाचक थबकणार. आपल्या खेड्यापाड्यांत अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात. पुरणाचे धोंडे करून जावयाला जेवू घालतात, तीस-तीन अनारशांचं वाण देतात. गोचांगच्या बाईला अनारसे ठाऊक नाहीत, पण तिच्या अधिक महिन्यात धोंडा आहे, आणि तो खराखुरा दगडाचा आहे. हा निव्वळ योगायोग. योगायोग नाही तो महिन्याच्या हिशेबात. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं; दरसाल अकरा दिवसांची तूट साठत जाते आणि ती भरून काढायला साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक जादा महिना घालावा लागतो. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक, हा नियम आपल्या पंचांगात आहे तसाच तिथल्या पंचांगातही. फरक एवढाच, की आपण निरयन संक्रांती धरतो आणि चिनी पद्धतीचं पंचांग सायन. दोन्हींत आज सुमारे चोवीस अंशांचं अंतर आहे. म्हणून २०२३ मध्ये आपल्याकडं अधिक श्रावण १८ जुलैला लागला, आणि कोरियात अधिक दुसरा महिना २२ मार्चलाच सुरू होऊन गेलेला होता.

या महिन्याकडं पाहायची तऱ्हाही अगदी आपली नाही. आपण तो देवाचा म्हणतो, पुरुषोत्तमाच्या नावानं दानधर्म करतो आणि मुंजी-लग्नं पुढं ढकलतो. कोरियन समजूत अशी, की हा महिना कुणाच्याच हिशेबात नसतो. देवांच्या नाही आणि भुतांच्याही नाही. त्यामुळं एरवी ज्याला हात लावायची भीती वाटते ती कामं युनदालमध्ये उरकून घ्यायची. थडगं हलवायचं असेल तर आत्ता. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी कफनाची वस्त्रं शिवून ठेवायची असतील तरी आत्ताच. आणि ती शिवून ठेवली की म्हाताऱ्यांचं आयुष्य वाढतं अशीही श्रद्धा आहे. गोचांगमध्ये याच महिन्याच्या सहाव्या, सोळाव्या आणि सव्विसाव्या दिवशी स्वर्गाचं दार किलकिलं होतं असं मानतात. तटावर गर्दी त्या दिवसांत.

दगडच का? स्थानिक उत्तर दोन आहेत आणि दोन्ही युद्धशास्त्रातली आहेत. एक, तटावरून खाली फेकायला दगड लागत. बायकांनी डोक्यावरून एकेक आणून वेशीपाशी रचला की दारूगोळ्याचा साठा आपोआप तयार. दुसरं उत्तर जास्त चतुर आहे. या तटाची बाहेरची बाजू दगडी आणि आतून मातीची भर. हिवाळ्यात मातीतलं पाणी गोठून फुगतं, वसंतात बर्फ वितळलं की माती भुसभुशीत होते आणि दगड सैल पडतात. मग शेकडो माणसांनी डोक्यावर वजन घेऊन ती तुडवली की घट्ट बसते. थोडक्यात, नवसाच्या मिषानं फुकटचं धुम्मस.

हे ऐकायला फार छान वाटतं, आणि म्हणूनच थोडं जपून घ्यावं. रूढीमागं ‘शास्त्रीय कारण’ सापडलं की आपल्यालाही आनंदाचं भरतं येतं. पण अधिक महिना अडीच-तीन वर्षांतून एकदा येणार, आणि तोही कधी वसंतात तर कधी भर उन्हाळ्यात. दरवर्षीच्या डागडुजीला त्याचा काय उपयोग? हां, एक गोष्ट या कारणाच्या बाजूनं आहे. जानेवारीच्या सुमारास पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि कक्षेत वेगानं धावते. त्या दिवसांत दोन संक्रांतींमधलं अंतर कमी होतं, म्हणून ऐन थंडीत अधिक महिना सहसा पडतच नाही. म्हणजे युनदाल आला तेव्हा जमीन गोठलेली नसणार, एवढं तरी खरं. दगडांचा साठा आणि मातीची दाबणी हे फायदे झालेही असतील. पण जोसॉन राजघराण्याच्या काळातल्या बाईला उंबऱ्याबाहेर पडायला निमित्त लागायचं, आणि मैत्रिणींबरोबर दिवसभर उंचावरून हिंडून येण्याचं धर्मसंमत निमित्त मिळाल्यावर तिनं डोक्यावर एक दगड आनंदानं घेतला असेल, हे तिसरं कारण गाइडच्या तोंडून फारसं ऐकू येत नाही.

दंतकथा मात्र बायकांना पुरतं श्रेय देते. पुरुष आणि बायका यांच्यात पैज लागली: कोण आधी कोट बांधतं? पुरुषांनी एक कोट हाती घेतला, बायकांनी मोयांगसोंग. पुरुष आपलं काम होणारच या खात्रीनं रेंगाळले. जिंकलं कोण, ते उभा असलेला तट पाहून कळतंच.

याच कोटाच्या वेशीबाहेर शिन जे-ह्यो याचं घर जपून ठेवलं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या या गृहस्थानं पानसोरी या एकपात्री गायन-कथनाच्या कहाण्या नीट बांधून काढल्या, गायक तयार केले, आणि जिन छे-सोन या मुलीला शिकवून रंगमंचावर उभं केलं. पानसोरी गाणारी पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं. तटाभोवती बायकांच्या प्रदक्षिणा आणि तटापाशीच बाईच्या आवाजाला मिळालेली ही पहिली जागा. गोचांगला एवढी सामग्री पुरेशी होती. आता दर शरद ऋतूत चांद्र नवव्या महिन्याच्या नवमीच्या सुमारास मोयांगसोंग उत्सव भरतो. त्यासाठी अधिक महिन्याची वाट पाहिली जात नाही. गावोगावच्या बायका हानबोक घालून येतात, दगड घेतात, चालतात, रात्री हात धरून फेराचं गाणं म्हणतात. डोक्यावर दगड घेतलेल्या बायकांचे पुतळेही कोटाशी उभे आहेत, म्हणजे एरवीच्या दिवशी आलेल्या पाहुण्यालाही इथं काय चालतं ते कळावं.

गोचांगचा तट टेकडीएवढा. सोलचा तट चार डोंगरांना कवेत घेतो.

यी सोंग-ग्येनं १३९२ मध्ये जोसॉन राजघराण्याची स्थापना केली, दोन वर्षांनी राजधानी हानयांगला, म्हणजे आजच्या सोलला, आणली आणि १३९६ मध्ये तिच्याभोवती तट घातला. बेगाक, नाकसान, नामसान, इन्वांगसान या चार डोंगरांच्या माथ्यांवरून जाणारी ही १८.६ किलोमीटरची रेघ. राज्यभरातून वेठीला धरलेली माणसं वसंतात एकोणपन्नास दिवस आणि शरदात एकोणपन्नास दिवस राबली. दोन्ही खेपा मिळून जवळजवळ दोन लाख. रेघ ९७ तुकड्यांत वाटलेली होती आणि तुकड्यांना आकडे नव्हते, अक्षरं होती. मुलं चिनी लिपी ज्या पाठावरून शिकायची त्या सहस्राक्षरीतली पहिली ९७ अक्षरं क्रमानं. पहिलं अक्षर ‘आकाश’. आपल्याकडं ‘ग गणपतीचा’ पासून सुरुवात करून तटाचे तुकडे पाडावेत, तसंच हे. ज्या मुलुखाची माणसं त्या मुलुखाचं नाव दगडावर. तो तुकडा ढासळला की दुरुस्तीला त्यांनाच बोलावणं.

सेजोंग राजानं १४२२ मध्ये मातीचे भाग काढून सगळा तट दगडाचा केला. तीन लाखांहून अधिक माणसं थंडीत कामाला लावली गेली आणि राजदप्तरातच नोंद आहे, की त्यात ८७२ माणसं मेली. कोरियन लिपी देणारा हाच तो लाडका सेजोंग. उत्सवाच्या पत्रकांवर हा आकडा छापलेला क्वचितच दिसतो.

तट वाचायची एक सोपी रीत सोलमध्ये पर्यटकांना शिकवतात. ओबडधोबड, बेताचे दगड दिसले की पहिल्या बांधकामाचे. मक्याच्या कणसातल्या दाण्यांसारखे गोलसर कडांचे दगड सेजोंगच्या वेळचे. हातभर लांबीरुंदीचे नीट घडवलेले चौरस दगड १७०४ नंतरच्या दुरुस्तीतले. आणि त्याहून मोठे, एकसारखे, एकावर एक बसलेले चौरस एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचे. एकाच भिंतीत चारही दिसतात, कुठं एकमेकांच्या डोक्यावर. एकदा नजर बसली की पुढचा अर्धा तास माणूस वाटेकडं न पाहता भिंतीकडंच पाहत चालतो.

या तटावर फिरण्याला नाव होतं: सुनसोंग, म्हणजे तटफेरी. अठराव्या शतकाच्या अखेरीस यू दुक-गोंग या लेखकानं राजधानीतल्या चालीरीतींची टिपणं लिहिली, त्यात ही फेरी आहे. पहाटे निघायचं, आतला आणि बाहेरचा फुलोरा पाहत चालायचं, आणि संध्याकाळची घंटा होण्याआधी घेर पुरा करायचा. ही घंटा म्हणजे शोभेची गोष्ट नव्हती. रात्री अठ्ठावीस टोले पडले की वेशी बंद. पहाटे तेहेतीस टोल्यांनी उघडत. उशीर झाला तर रात्र बाहेर. सरकारी परीक्षेसाठी गावाकडून आलेले विद्यार्थीही तटफेरी घालत, पास व्हावं म्हणून. परीक्षेच्या आदल्या दिवशी अठरा किलोमीटर डोंगर चढ-उतार करणाऱ्या पोराच्या अभ्यासाबद्दल शंका घ्यायला जागा आहे. पण नवस म्हटला की हिशेब वेगळा.

मग तट पडू लागला. १८९९ मध्ये ट्राम आली आणि वेशींच्या कमानींतून रूळ गेले. १९०७ मध्ये जपानचा युवराज भेटीला आला. त्याच्या दौऱ्याच्या निमित्तानं दक्षिणेच्या मोठ्या वेशीच्या, सुंगन्येमुनच्या, बाजूचा तट उतरवला गेला आणि वेस रस्त्याच्या मधोमध एकटी उरली. पश्चिमेची मोठी वेस १९१५ मध्ये रस्तारुंदीसाठी लिलावात निघाली. दोनशे पाच वॉनांत लाकूड, कौलं, दगड सगळं विकलं गेलं. पुढं नामसानवर शिंतो देऊळ बांधताना आणि पूर्वेच्या वेशीपाशी मैदान उभारताना तटाचे आणखी लचके गेले. याच काळातली एक नोंद गमतीची आणि कडवटही आहे. १९१६ मध्ये ‘मेइल शिन्बो’ या, जपानी राजवटीचं मुखपत्र असलेल्या वृत्तपत्रानं वाचकांसाठी सामुदायिक तटफेरी जाहीर केली. एका हातानं तट पाडायचा आणि दुसऱ्या हातानं त्याची सहल काढायची.

तटावर फिरणं खऱ्या अर्थानं थांबलं ते स्वातंत्र्यानंतर. २१ जानेवारी १९६८ च्या रात्री उत्तर कोरियाचे ३१ कमांडो बेगाक डोंगराजवळच्या वेशीपर्यंत पोचले. राष्ट्राध्यक्षांच्या निवासावर हल्ला करायचा त्यांचा बेत होता. चकमक झाली आणि डोंगराचा हा सगळा पट्टा लष्करानं बंद केला. तिथल्या एका पाइनच्या बुंध्यात गोळ्यांच्या खुणा आहेत. त्या लाल-पांढऱ्या रंगानं ठळक केल्या आहेत. हा भाग लोकांना परत मिळाला २००७ मध्ये. त्यानंतरही बरीच वर्षं ओळखपत्र दाखवून, गळ्यात पास अडकवूनच वर जाता येई. म्हणजे साठीच्या सोलकराला आपल्याच शहराच्या तटाची पूर्ण फेरी तरुणपणी कधी घालताच आली नव्हती. उत्सवांच्या जाहिरातींत ‘परंपरा’ हा शब्द फार सैल वापरला जातो. इथं ती परंपरा चाळीस वर्षं कुलपात होती.

म्हणून आजच्या तटफेऱ्यांत पुनरागमनाची थोडी अधीरता आहे. चार ठिकाणी शिक्के ठेवलेले असतात. नकाशावर चारही उमटवून आणले की फेरी पुरी केल्याचा बिल्ला मिळतो. बिल्ले ऋतूनुसार निराळे, म्हणजे वर्षातून चारदा यायला निमित्त. स्वयंसेवक नागरिक टोळ्या घेऊन फिरतात, सैल झालेला दगड दिसला की कळवतात. तटाचा सुमारे सत्तर टक्के भाग आज उभा किंवा पुन्हा उभारलेला आहे. उरलेल्या भागांत फेरी रस्त्यावर उतरते, इमारतींच्या मागून, दवाखान्याच्या दारावरून जाते आणि फरशीत बसवलेली खूण शोधत पुढं सरकते. पूर्वेच्या वेशीजवळचं जुनं स्टेडियम २००७-०८ मध्ये पाडलं तेव्हा त्याच्या पोटात तटातली पाण्याची दुहेरी मोरी निघाली, कमानींसकट. आता तिच्याशेजारी झाहा हदीद यांची चकचकीत, वळणदार वास्तू आहे. दोघींचं एकमेकींशी अजिबात जुळत नाही, आणि त्यामुळंच ती जागा पाहण्यासारखी झाली आहे.

सोलनं हा तट जागतिक वारसा यादीत जावा म्हणून प्रयत्न केला. २०१७ मध्ये तज्ज्ञ समितीचं मत प्रतिकूल आलं आणि अर्ज मागं घ्यावा लागला. शेजारच्या सुवनला मात्र वीस वर्षं आधीच तो मान मिळालेला होता, आणि त्यामागं एका पुस्तकाचा मोठा वाटा होता.

सुवनच्या तटाची गोष्ट तांदळाच्या पेटीपासून सुरू होते. १७६२ मध्ये योंगजो राजानं आपला मुलगा, युवराज सादो, याला तांदूळ ठेवायच्या लाकडी पेटीत कोंडलं. आठ दिवसांनी तो आतच मेला. त्याचा मुलगा तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता. तोच पुढं जोंगजो या नावानं गादीवर आला. १७८९ मध्ये त्यानं बापाची कबर दक्षिणेला चांगल्या जागी हलवली. त्या जागेवर होतं सुवन गाव. गाव उठवावं लागलं, लोकांना भरपाई देऊन काही किलोमीटरवर नव्यानं वसवलं, आणि त्या नव्या गावाभोवती १७९४ ते १७९६ या काळात साडेपाच किलोमीटरहून लांब तट उभा राहिला: ह्वासोंग.

आखणीच्या वेळचा एक प्रसंग सुवनमध्ये प्रत्येकाला माहीत असतो. झेंडे रोवून तटाची रेघ दाखवली तेव्हा ती काही घरांच्या मधून जात होती. जोंगजोनं सांगितलं, की घरं बाहेर टाकू नका; तट तीनदा वाकवावा लागला तरी वाकवा. या भागाचं नाव विलोच्या झाडांशी जोडलेलं होतं, म्हणून विलोच्या पानासारखा बाक तटाला आला तर तो शोभेलच, असंही त्यानं वर म्हटलं. राजाची कविकल्पना की मुत्सद्देगिरी, कुणी ठरवावं. तटाचा आकार मात्र खरोखरच वेडावाकडा आहे.

बांधकामाची व्यवस्था जोंग याक-योंग या तिशीतल्या विद्वान अधिकाऱ्यानं मांडली. एका जेझुइट पाद्र्यानं चिनी विद्वानाबरोबर लिहिलेलं युरोपीय यंत्रांवरचं सचित्र पुस्तक राजाकडं होतं. ते वाचून जोंगनं कप्प्यांचं उचलयंत्र तयार केलं. वर चार कप्प्या, खाली चार, दोन्ही बाजूंना दोर गुंडाळणारे रहाट. त्या यंत्रानं त्या वेळच्या चलनात चाळीस हजार न्यांग वाचले असं राजा म्हणाल्याची नोंद आहे. पण ह्वासोंगची खरी नवलाई यंत्रात नाही, हजेरीपटात आहे. इथं वेठ नव्हती, मजुरी होती, आणि ती अर्ध्या दिवसाचाही हिशेब ठेवून दिली जाई. १८०१ मध्ये छापलेल्या ‘ह्वासोंग सोंगयोक उइग्वे’ या अहवालात ६४२ पाथरवट, ३३५ सुतार, गवंडी, लोहार, रंगारी यांची नावं गावासकट आहेत. खालच्या थरातल्या माणसांना पाळण्यातलं नाव असेलच असं नाही, म्हणून ‘मोठा’, ‘बारका’ अशी अंगकाठीवरून पडलेली नावंही तशीच लिहून घेतली आहेत. १७९४ च्या कडक उन्हाळ्यात कामगारांना उष्म्यावरच्या औषधी गोळ्या वाटल्या, त्यांचीही नोंद आहे. किती खिळे लागले, कौल काय भावानं, कमानीची आतली रचना कशी, सगळं चित्रांसह.

पावणेदोनशे वर्षांनी या काटेकोरपणाचं चीज झालं. जपानी अमलात तट दुर्लक्षिला गेला, १९५०-५३ च्या युद्धात उत्तरेच्या जांगानमुन वेशीवरचा मनोरा बाँबनं उडाला. १९७५ ते १९७९ दरम्यान दुरुस्ती झाली ती पुस्तक उघडं ठेवून. नव्यानं बांधलेल्याला जुना वारसा म्हणायचं का, हा प्रश्न युनेस्कोपुढं येणारच होता. अंदाजानं काही केलेलं नाही, हे दाखवायला उइग्वे होता. १९९७ मध्ये ह्वासोंग यादीत आला.

सुवनचा उत्सव त्याहून जुना आहे. १९६४ पासून दर ऑक्टोबरच्या सुमारास तो भरतो. सुरुवातीला त्याचं नाव तटातल्या सात कमानींच्या पाणवेशीवरून होतं, पुढं ते ह्वासोंगवरून पडलं. त्याचा मुख्य भाग म्हणजे मिरवणूक. १७९५ मध्ये आईच्या साठीसाठी जोंगजो आठ दिवसांच्या दौऱ्यावर तिला घेऊन इथं आला होता. सादो आणि ती एकाच वर्षी जन्मलेली; म्हणजे पेटीत मेलेल्या बापाचीही ती साठी होती. हान नदीवर छत्तीस नावा बांधून पूल केला. मिरवणुकीच्या पटचित्रात १,७७९ माणसं आणि ७७९ घोडे मोजता येतात. सोलच्या छंगग्येछन ओढ्याच्या काठी ते पटचित्र फरशांवर १८६ मीटर लांब उतरवलेलं आहे. सुवनमध्ये पोचल्यावर राजानं गरिबांना तांदूळ वाटला आणि ३८४ वृद्धांना पंगतीला बसवलं.

सुवन शहरानं १९९६ पासून ही मिरवणूक पुन्हा काढायला सुरुवात केली. २०१६ पासून सोल आणि सुवन यांनी मिळून ती राजवाड्यापासून पूर्ण वाटेनं नेली, आणि पुढं कबरीपर्यंत. घोडेस्वार, पालख्या, निशाणं, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना थांबवलेल्या बसगाड्या. वाटेत एक प्रवेश हमखास होतो: गर्दीतून कुणीतरी थाळा बडवत पुढं येतो आणि राजाकडं दाद मागतो. जोसॉन काळात हा हक्क खरोखरच होता, आणि जोंगजो प्रवासात अशा तक्रारी ऐकण्याबद्दल प्रसिद्ध होता. लोकांना हा भाग फार आवडतो. राजाचा वेश कुणी चढवला आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. मिरवणूक थांबवून कुणी ऐकून घेतंय, हे बघायला मजा येते.

मिरवणूक नसेल त्या दिवशी सुवनकर संध्याकाळी तटावर चालतात. साडेपाच किलोमीटर म्हणजे दीड-दोन तासांचा रमतगमत फेरा. धनुष्यबाणाचं मैदान, धुराचे इशारे देणारे विटांचे मनोरे, ओढ्यावरच्या सात कमानी. आणि मग दक्षिणेला फाल्दालमुन वेशीपाशी तट संपतो. वेस चौकात मधोमध, भोवती वाहनं. पुढचे काही शे मीटर भिंतच नाही. पायऱ्या उतरून बाजारात शिरायचं, अख्ख्या तळलेल्या कोंबड्यांच्या गल्लीच्या वासाकडं दुर्लक्ष करत पलीकडं जायचं आणि तट पुन्हा शोधायचा. १९२२ च्या पुरात वाहून गेलेली तिथली दक्षिणेची पाणवेस २०१२ मध्ये परत बांधली. तिच्यापासून वर चढणारी वाट लगेच सापडते. मधली फट भरायची तर दुकानं हटवावी लागतील. आणि फाल्दालमुनचे दुकानदार अभिमानानं सांगतात, की हा बाजार राजानं वसवलेला आहे. नव्या गावात व्यापार यावा म्हणून जोंगजोनं व्यापाऱ्यांना बिनव्याजी भांडवल दिलं होतं. घरांसाठी तीनदा तट वाकवणाऱ्या राजाचा दाखला ते देतात, तटवाले देतात, आणि तटफेरी घालणारा माणूस हातात कोंबडीची पुडी घेऊन पलीकडच्या पायऱ्या चढायला लागतो.